आधी त्यांना बघा

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. बंगळूरला परत जाताना तू जिन्यातच विचारलंस, "अंजू, चार तास तू काय करत होतीस?" त्याचं उत्तर आता देते.

मी आईशेजारी बाकावर बसले होते. ती बाथरूममध्ये पडली, तशी रिक्षात घालून मी तिला दवाखान्यात नेलं. वाटेत ती पिंपळे गुरवच्या खड्ड्यांना शिव्या देत होती, त्यामुळे मलाही धीर आला. आमच्यामागोमाग चाकणच्या कंपनीतून रोहिदास नावाच्या कामगाराला आणलं. त्याचा हात प्रेस मशीनमध्ये सापडला होता. आई डॉक्टरांना वॉर्डातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाली, "आधी त्यांना बघा. मला नुसता मुका मार आहे. मी नर्स होते, मला कळतं." वर रोहिदासलाही दटावलं, "अहो, हात वर धरा, छातीच्या वर!" डॉक्टर हसले, "आजी, आज ड्युटी तुम्हीच घ्या." मग आणखी दोघं आली. प्रत्येक वेळी तिचं तेच.

एकाहत्तरच्या लढाईत कमरेत बॉम्बचा तुकडा घेऊन तिने अकरा जवानांना पट्ट्या बांधल्या, मगच स्वतःची जखम दाखवली. त्याचं तिला पदक मिळालं. मधल्या सुट्टीत तू जखमी जवान व्हायचास आणि मी आई. त्या अकरा जवानांतल्या शेवटच्यापाशी पोचायला तिला उशीर झाला होता, तो वाचला नाही, हे तिने मला फार नंतर सांगितलं. तुला सांगितलं होतं का रे?

दुसऱ्या तासाला मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, पदराचा बोळा दातांत धरला होता. मला कळलं, दादा. मी उठलेही. तिने माझं मनगट धरलं, "अंजू, बस खाली. रांग मोडायची नाही." आणि मी, सेहेचाळीस वर्षांची बाई, बसले. तिच्या पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. तिचा नंबर आला तेव्हा तिला हाक ऐकू येत नव्हती.

रविवारी बुद्धविहारात तिच्या पुण्यानुमोदनाची सभा आहे. माजी सैनिकांची मंडळी येणार आहेत. काल त्यांच्यातले एक म्हणाले, "ताई, शेवटपर्यंत त्यांनी दुसऱ्यांचाच विचार केला, हे तुम्हीच बोला." मला ते बोलता येणार नाही, आणि नाही म्हणायचीही ताकद नाही. तू ये. दोष द्यायचा तर दे, पण शेजारी बसून दे.

तुझीच,
अंजू