मागे कोण राहणार?

सोमवार, ३ फेब्रुवारी

"पांझरा इलेव्हनच्या माणसांनो आणि बायांनो! आपण उभे राहून म्हातारे झालो. या शहराने आपल्याला बसायला एक पायरी दिली नाही, प्यायला एक नळ दिला नाही, डोक्यावर सावलीपुरता पत्रा दिला नाही —"

गुरुवारच्या सभेचं भाषण इथवर आलं आणि अडलं. राग फार आहे. रागात मला बोलता येतं, लिहिता येत नाही.

आमच्या फुटबॉलच्या मैदानावर होणाऱ्या स्टेडियमचा नकाशा आज पाहिला. प्रेमराजभाऊंनी चौकात फ्लेक्सच लावलाय! माजी नगरसेवक, आता क्रीडा समितीचे अध्यक्ष. फ्लेक्सवर निम्मी जागा त्यांच्या चेहऱ्याला, निम्मी स्टेडियमला. चारी बाजूंनी गाळे. गाळ्यांच्या डोक्यावर पायऱ्या. मधे हिरवा चौकोन आणि त्यावर लिहिलंय — बहुउद्देशीय क्रीडासंकुल. रिक्षा थांबवून मापं वाचली. त्या चौकोनात फुटबॉलचं मैदान बसत नाही. बसतच नाही! कॉर्नर मारायचा तर पोराला मोबाईलच्या दुकानात उभं राहून मारावा लागेल.

रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, दिसायला तर भारी दिसतंय."

दिसायला!

स्टेडियम मला हवंय. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या म्हणतील, बाईचा विकासाला विरोध. पायऱ्या हव्यात. नळ हवा. बायकांसाठी संडास हवा — नव्वद मिनिटं काय सोसावं लागतं ते या नकाशा काढणाऱ्यांच्या घरच्या बायकांना विचारा. पण त्या सगळ्याच्या मधे मैदान हवं की नको?

बुधवार, ५ फेब्रुवारी

सरावाला गेले होते. आमचे कोच हसीब सर, त्यांचं तेच. चार मागे, त्यांच्याही मागे आणखी एक. बॉल पुढे गेला की सगळ्यांनी पुढे जायचं नाही, एकाने मागे राहायचं. सर उर्दू शाळेतून पीटी शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण शिट्टी काही निवृत्त झाली नाही. "पीछे कोण? अरे, पीछे कोण?" — अख्खा सराव या एका वाक्यावर चालतो.

डावपेचांवरचं एक जाड पुस्तक गेल्या महिन्यात वाचून संपवलंय. त्यातलं सांगायला गेले. अकरा जणांनी एकदम दबाव टाकला की समोरचा चुकतोच, हे जगाने मान्य केलंय, वगैरे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही भाषण फार छान करता. पण बॉल आपल्या गोलकडे यायला लागला ना, की भाषण त्याला अडवत नाही."

पोरं हसली. मीही हसले. घरी येईपर्यंत हसू संपलं होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सभा झाली! मैदानावरच, आम्ही सामने बघायला उभे राहतो त्या टेकाडापाशी. लिहिलेलं भाषण पर्समध्येच राहिलं. "उभे राहून म्हातारे झालो" म्हटल्याबरोबर असा गलका झाला की पुढची दोन वाक्यं मलाच ऐकू आली नाहीत.

मैदानाला धक्का न लावण्याचा ठराव एकमताने. आणि परिणाम म्हणजे महापालिकेचे साहेब सोमवारी, १७ तारखेला अकरा वाजता स्वतः जागेवर येणार. पाहणी करणार, हरकती तिथेच ऐकणार. तोवर कामाला हात लावणार नाही असं प्रेमराजभाऊंनी तोंडी कबूल केलंय. तोंडीच. पण चारशे माणसांसमोर.

प्रेमराजभाऊ जाताना हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचं भाषण म्हणजे मेजवानी. स्टेडियमच्या उद्घाटनाला तुम्हीच बोलायचं."

हा माणूस रागावत नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सेमीफायनल. चोपड्याविरुद्ध १-०. जिंकलो — पण काय ते जिंकणं! एक गोल झाला आणि उरलेला वेळ सगळे आपल्याच गोलपाशी दळण घेऊन बसल्यासारखे. तेजससारखा कॅप्टन, वाऱ्यासारखा पळणारा, त्यालाही सरांनी मागे ओढलं. मी दोर धरून ओरडत होते, "पुढे जा रे!" आणि सर पलीकडून, "तेजस, पीछे!" बिचारा मधल्या मधे फिरत राहिला.

आक्काबाई माझ्या शेजारी. सत्तरी ओलांडली, गुडघे गेलेत, तरी उभी. पांझराची माणसं सामना चालू असताना बसत नाहीत. बसायला जागा नव्हती म्हणून सुरू झालं असेल, आता तो रिवाजच झालाय. कुणी नुसतं उकिडवं बसलं तरी मागून आवाज येतो — "ऊठ, गोल खायला लावशील!" पाहुण्याला कुणी खुर्ची दिली तर ती हाफटाइमलाच वापरायची.

आक्काबाईला म्हटलं, स्टेडियम झालं की तुला पायरी मिळेल.

"माले बसाले जागा भेटी, हाई खरं वं माय. पन समोर काय भेटी देखाले? दुकानं?"

माझं अख्खं भाषण हिने दोन वाक्यांत संपवलं.

फायनल पुढच्या रविवारी, जळगावला, गिरणा क्लबच्या मैदानावर. सकाळी नऊला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हसीब सर प्रेमराजभाऊंच्या ऑफिसात दिसले. चहा पीत होते. आधी तेजस म्हणाला, मग आमच्या कॉलेजातल्या शिपायाने सांगितलं, मग भाजीवालीने. नव्या संकुलात मुख्य प्रशिक्षक म्हणून सरांचं नाव ठरलंय म्हणे.

खोटं असावं. खोटं असावं!

बुधवार, १२ फेब्रुवारी

खोटं आहे असं सर म्हणाले नाहीत.

बारावीच्या पेपरची सुपरव्हिजन संपवून थेट मैदानावर गेले. सर गोलची जाळी शिवत होते. सरळ विचारलं, "प्रेमराजकडे गेला होतात?"

"गेलो होतो. चहा बेकार आहे त्याचा."

"कशाला?"

"विचारायला. आपले गोल काढणार की ठेवणार. मॅडम, त्याच्या आवारात पत्रे उतरलेत. निळे. पूर्ण ट्रक भरून —"

मी विचारतेय काय आणि हे सांगतायत काय! म्हटलं, "पत्र्यांचं राहू द्या. ती जागा तुम्ही स्वीकारली का? हो की नाही?"

सरांनी सुई जाळीत तशीच खोचून ठेवली. मग म्हणाले, "माझ्या वर्गात हा प्रश्न कुणी असा विचारला असता तर मी त्याला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या असत्या."

आणि पुन्हा शिवायला लागले.

उत्तर दिलं नाही. ज्याला द्यायचं नसतं तो असंच करतो. एवढी पुस्तकं वाचून एवढं तर कळतं मला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजची सभा सगळ्यात मोठी. टेकाड माणसांनी भरून गेलं होतं. विषय एकच — जळगाव!

मी म्हटलं, साहेब सोमवारी येतायत. त्यांच्या टेबलावर सोमवारचा पेपर असेल. त्या पेपरात काय दिसलं पाहिजे? अर्धं धुळे जळगावात! ज्या टीमच्या मागे एवढी माणसं उभी राहतात तिचं मैदान दुकानांत कोंबायची कुणाची हिंमत होते ते बघू! रविवारी पांझराचा एकही माणूस धुळ्यात राहता कामा नये!

टाळ्या थांबेनात. लक्झरी, टेम्पो, जीप — जागच्या जागी ठरलं. केळीच्या गाड्या चालवणाऱ्या चौघांनी ट्रकच द्यायचं कबूल केलं.

गर्दीतून हसीब सर पुढे आले. माइक मागितला नाही. खालूनच म्हणाले, "मॅडम, सगळे गेले तर मागे कोण?"

आणि मी — माइक हातात, समोर सातशे माणसं — म्हटलं, "सर, हीच तुमची अडचण आहे! मैदानावरही मागे आणि आयुष्यातही मागे! भीती वाटणाऱ्याने खुशाल मागे राहावं. आम्ही पुढे चाललो!"

जो हशा झाला तो अजून कानात आहे. सरांनी मान हलवली, टोपी नीट केली आणि गर्दीतून बाहेर पडले. वाट देतानाही लोक हसत होते.

लागायला हवंच होतं त्यांना. लागलं असेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घसा बसलाय. सकाळी पाच वाजता गाड्या निघणार.

रविवार, १६ फेब्रुवारी — सकाळी, बसमध्ये

सर आले नाहीत.

तेजसने फोन लावला, उचलला नाही. दहा मिनिटं थांबलो, मग निघालो. फायनलच्या दिवशी कोच नाही! तेजसला नंतर एक मेसेज आला फक्त — "टीम तू सांभाळ. मी इथे आहे." इथे म्हणजे कुठे? घरी? की प्रेमराजच्या ऑफिसात, तो बेकार चहा पीत?

आक्काबाईही आली नाही. पायांचं दुखणं वाढलं म्हणे. तिला माफ. सरांना नाही.

पळपुटा. हा शब्द मी कधी कुणाला वापरला नव्हता. लिहिलाय. खोडणार नाही.

त्याच दिवशी — दुपारी, परतीच्या बसमध्ये

जिंकलो! ३-२! अक्षर हलतंय, गाडी हलतेय, पोरं टपावर नाचतायत!

पहिल्यापासून सगळे पुढे. मी सांगत होते तस्सं! तेजसचे दोन. गिरणाने दोन्ही वेळा बरोबरी केली — दोन्ही गोल एकाच तऱ्हेचे, आमचे सगळे पुढे आणि त्यांचा एकटा पोरगा मोकळ्या मैदानातून आरामात चालत आल्यासारखा. पण शेवटच्या मिनिटाला आमचाच! जळगावकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पेपरवाल्यांनी गर्दीचे फोटो काढले. माझा घसा पूर्ण गेला. जाऊ दे!

सगळ्या गाड्या आधी मैदानावर न्यायच्या. कप उत्तरेच्या गोलमध्ये ठेवायचा. मग सरांच्या दारावरून मिरवणूक. हो, मुद्दाम त्यांच्या दारावरून!

त्याच दिवशी — संध्याकाळी

मैदानाला पत्रे लागलेत. निळे. तीन बाजूंनी पूर्ण. टेकाडही आत गेलं. आम्ही जळगावात ओरडत होतो तेव्हा इथे वेल्डिंग चाललं होतं. उद्या साहेब आले असते आणि त्यांना बंद आवार दिसलं असतं. ताबा दिलेला, काम सुरू, ऐकायचं काय!

चौथी बाजू उघडी आहे. उत्तरेची. तिथे गोलच्या दोन खांबांमधे, शिवलेल्या जाळीसमोर, एक लोखंडी खुर्ची आणि खुर्चीवर हसीब सर. सकाळी सहापासून. कामगार आले, मुकादम आला, शेवटी प्रेमराजभाऊ आले आणि हात जोडून गेले. सर उठले नाहीत. म्हातारा उचलायला कुणाचा हात धजला नाही. बाजूला खांबाला धरून आक्काबाई. उभी.

म्हटलं, आक्काबाई, तू तरी बसायचं होतंस.

"जळगावले सामना चालू व्हता ना. मी कशी बठू?"

सरांसमोर उभी राहिले. आवाज नव्हताच. कप तेवढा पुढे केला.

त्यांनीच विचारलं, "स्कोर?"

"तीन-दोन. आपण."

"दोन कसे खाल्ले?"

"मागे कुणी नव्हतं, सर."

सरांनी मान हलवली. माझ्या हातातला कप घेऊन खुर्चीखाली ठेवला.

मुकादम पहाटे पुन्हा येणार आहे. साहेब अकराला. हे आत्ता सगळ्यांना पाठवते, इथे लिहिलं तसंच, एक शब्द न वाढवता —

पांझराच्या माणसांनो आणि बायांनो, सामना चालू असताना आपण कधी बसलो नाही. सामना चालू आहे. उद्या पहाटे पाचला उत्तरेच्या गोलपाशी घरून एक खुर्ची घेऊन या, आणि बसा.