डावखुरी म्हणे!

मंगळवार, संध्याकाळ

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आज पाच मिनिटांत सांगितलं. माझी दहा महिन्यांची परी डावखुरी नाही, तिचा उजवा हात नीट चालतच नाही. सेरेब्रल पाल्सी. इतकं लहान मूल एकच हात वापरतं, तेव्हाच शंका यायला हवी होती, म्हणाल्या.

कोणाला यायला हवी होती? दर लसीला मी नर्सबाईंना तिची मिटलेली उजवी मूठ दाखवली. "काही नाही वं, डावखुरी असन." वजन केलं, कार्डावर टिक मारली, पुढचं बाळ! मूठ उघडून पाहायला कितीसा वेळ लागतो?

आणि मी? उष्टावणाला परीनं भातात डावा हात घातला, तर सासूबाई म्हणाल्या, "धरून ठेव तो, उजव्याची सवय लागन." आज सकाळपर्यंत रोज भरवताना धरून ठेवला. तिचा चालणारा एकच हात.