गुरुवारचा कोड

पनवेल,
रविवार, १७ जानेवारी २०१६

अल्फियाच्या अब्बांना,

अस्सलामु अलैकुम. घर जागेवर आहे, नळाला पाणी येतंय आणि मागच्या अंगणातल्या शेवग्याला यंदाही शेंगा धरल्या आहेत. तुमची खैरियत मी विचारत नाही, ती मला रोज आवाजावरून कळते. परवा तुम्हाला सर्दी होती. काल जरा बरी वाटली.

अबरारभाईंची सुट्टी संपली, ते उद्या मस्कतला परत निघतात. मंगळवारी तुमच्या साइटवर येणार आहेत असं खालची मुबीना म्हणाली, म्हणून त्यांच्याबरोबर सुक्या कोळंबीचे सोडे, मसाला आणि आमसुलं पाठवते आहे. सकाळी पिशवी घेऊन गेले तर दोघं नवराबायको बॅगेच्या वजनावरून भांडत होते. मला बघून अबरारभाई म्हणाले, "भाभी, रहीमभाईंचे सोडे नेऊ की माझे कपडे? दोन्ही मावत नाहीत."

मुबीना म्हणाली, "कपडे राहू द्या. तिथे तुम्हाला बघायला कोण बसलंय?"

शेवटी सोडे आत गेले आणि त्यांची चादर बाहेर आली. पत्र संध्याकाळी आणून देते, असं सांगून मी परत आले.

रोज फोन होतो आणि हिला पत्र कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. लग्नानंतरची पहिली वर्षं मी लिहायचेच की. मला मराठीतच लिहिता यायचं आणि तुम्ही उर्दू शाळेतले. "निम्मं वाचलं, निम्मं अंदाजानं भरलं," असं तुम्ही कळवायचात. या पत्रातलं मात्र अंदाजानं काही भरू नका. अडलात तर अबरारभाईंना विचारू नका, दोनदा वाचा.

रोज फोन होतो खरा. पण त्यात आपण बोलतो काय? तुम्ही म्हणता, "आला?" मी म्हणते, "आला." तुम्ही म्हणता, "बोल." मी सहा आकडे वाचते. तुम्ही म्हणता, "ठेवतो." मुबीना एकदा ओट्यावर बसून हे ऐकत होती. म्हणाली, "काय गं साबिरा, नवऱ्याशी पाढे म्हणतेस?" मी हसले. मग तीच म्हणाली, "तरी नशीबवान आहेस. आमच्या यांचा आठवड्यातून एकदा येतो."

हे सुरू झालं तो दिवस मला आठवतो. तुम्ही रमजानला घरी आला होतात. कंपनीचा मेल आला की साइटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला, त्या तुमच्या व्हीपीएनला, आता नुसता पासवर्ड चालणार नाही, मोबाइलवर आलेला कोडही टाकावा लागेल, तेव्हा प्रत्येकानं आपला नंबर नोंदवा. तुम्ही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होतात. तुम्ही इथला नंबर टाकलात. मी म्हटलं, "अहो, तिकडचा टाका ना. हे सिम तर तुम्ही जाताना माझ्या फोनात घालून जाता." तुम्ही म्हणालात, "तिकडचा नंबर म्हणजे भाड्याची खोली. आज आहे, उद्या नाही. कायमचा नंबर घरचाच."

मस्कतला पोचल्यावर पहिल्याच दिवशी तुमची चूक तुमच्या लक्षात आली. तुम्ही तिकडे लॅपटॉपसमोर आणि कोड इकडे माझ्या फोनवर, मी भाकऱ्या थापत असताना. किती हसलो होतो आपण. नंबर बदलायचा तर साहेबाची सही, मग हेड ऑफिस, मग कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या उदयसिंहांच्या मागे लागायचं. तुम्ही म्हणालात, "असू दे. या निमित्तानं सकाळी तुझा आवाज तरी कानावर पडेल." तेव्हा कोड आधी व्हायचा आणि गप्पा नंतर. कोड शिळा होऊ नये म्हणून तो पटकन उरकायचा आणि मग अल्फियाला हाक मारायची. ती एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन तुम्हाला लॅबमधल्या गमती सांगायची.

अल्फियाचं अदीबशी ठरलेलं लग्न मोडलं आणि हे सगळं थांबलं. त्याचे वडील तुमचे इतक्या वर्षांचे खोलीतले सोबती. रोज त्यांच्यासमोर बसून जेवायचं म्हणजे काय होत असेल, ते मला इथं बसून कळणार नाही, हे मान्य. पण त्यांच्या घरच्यांनी साखरपुड्यानंतर सांगितलं की लोकांचं रक्त आणि लघवी तपासणारी सून आम्हाला नको, नोकरी सोड. अल्फिया नाही म्हणाली. तुम्ही मला म्हणालात, "तिला समजाव." मी म्हणाले, "तिचं बरोबर आहे." त्या दिवसापासून तुम्ही तिच्याशी बोललेला नाहीत. माझ्याशी बोलता ते कोडापुरतं.

मी भांडायला बसलेली नाही. कोड का होईना, रोज फोन येतो, असं मी स्वतःला सांगत होते. सकाळी एकदा, आणि दुपारी जेवणानंतर तुमची लाइन तुटली की पुन्हा एकदा. फोन वाजला की पीठ भरल्या हातानं मी धावते. "आला?" या तुमच्या एका शब्दावरून दिवस कसा चाललाय ते ओळखायला शिकले मी.

मग गेल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात की आता कोडाची कटकट संपणार. कंपनीनं ॲप काढलंय, ते तिकडच्या फोनवर बसेल आणि मग मला त्रास द्यावा लागणार नाही. त्रास. त्याच दिवशी दुपारी कोड चुकला ना? पुन्हा मागवलात, तोही चुकला, मग खातं बंद पडलं आणि उदयसिंहांनी तुम्हाला सगळ्यांसमोर सुनावलं. तुम्ही मला विचारलंत, "तुला चष्मा लागलाय का?" मी हो म्हणाले.

चष्मा लागलेला नाही. कोड मला स्वच्छ दिसत होता. पहिल्यांदा मी शेवटचा आकडा बदलला, कारण चुकला की तुम्ही पुन्हा फोन कराल. तुम्ही केलात. मला सांगायचं होतं, पण तुम्ही इतके चिडलेले होतात की पुढच्या फोनला सांगू म्हणून मी पुन्हा चुकीचा आकडा वाचला. त्यावरून तुम्हाला बोलणी खावी लागली. मला माफ करा. यापुढे असं होणार नाही. पण मला काय सांगायचं होतं, ते अजून राहिलंच आहे.

आत्ता मध्येच तुमचा फोन येऊन गेला. पेन हातातच होतं.

"आला?"

"आला. चार, शून्य, सात, सात, दोन, नऊ."

"नीट बघून सांगितलंस ना?"

"नीट बघून."

"गुरुवारी उदयसिंह स्वतः साइटवर येतोय. सगळ्यांना ॲप लावून देणार. त्याआधी जुन्या नंबरचा एक कोड लागेल, शेवटचा. सकाळी फोन जवळ ठेव. गेल्या महिन्यासारखं करू नकोस. गुरुवार चुकला तर पुढच्या आठवड्यात मी कामावर बसूच शकणार नाही."

"ठेवते जवळ."

"ठेवतो."

तुम्ही फोन ठेवल्यावरही मी तो कानालाच धरून होते.

आता गेल्या महिन्याचं सांगते. त्या दिवशी तुमचा फोन अल्फियानं उचलला होता. "अब्बा" एवढंच ती म्हणाली आणि तुम्ही फोन ठेवलात. कोड तिच्यासमोर येऊन पडलेला होता. तिनं उलट फोन केला, तो तुम्ही उचलला नाहीत. संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "कुठे उलथली होतीस? अर्धा दिवस मी हातावर हात धरून बसलो." मी म्हणाले, बाजारात गेले होते, फोन घरी राहिला.

मी वाशीच्या हॉस्पिटलात होते. आत मशीनखाली फोन नेऊ देत नाहीत, म्हणून तो अल्फियाकडे दिला होता.

डाव्या बाजूला गाठ आहे. दिवाळीच्या आसपास हाताला लागली. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. अंगावर काढणार होते, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. एकदा कपडे वाळत घालताना हात वर जाईना, ते अल्फियानं पाहिलं. तिनं पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधून लवकर आली आणि म्हणाली, "अम्मी, बुरखा घाल. रिक्षा खाली उभी आहे." नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाई तिच्या ओळखीच्या. त्यांनी पुढे पाठवलं. सुई घालून तुकडा काढला, तो तपासला. रिपोर्ट चांगला आलेला नाही. तो आणायला मी गेले नव्हते, तीच गेली होती. ज्या पोरीनं जन्मात किती लोकांचे रिपोर्ट हातावेगळे केले असतील, ती घरी आली तेव्हा पाकीट माझ्या हातात द्यायला तिचा हातच सुटेना.

ऑपरेशन गुरुवारी आहे, सकाळी. तुमचे ते उदयसिंह साइटवर येतील त्याच वेळी मला आत नेतील. किती कापावं लागेल ते आत गेल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

हे फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. सांगितलं असतं, तर तुम्ही आधी ऐकलं असतं की आधी कोड घेतला असता, ते मला बघायचं नव्हतं. तेवढी हिंमत माझ्यात नाही.

रजा टाकून धावत येऊ नका, असं मी इथं लिहिलं होतं. वर खोडलंय ते हेच. येता आलं तर या. मला भीती वाटते. शेजारणीसमोर आणि पोरीसमोर मी हसते, पण रात्री डाव्या कुशीवर वळायलाही भीती वाटते.

आणि आता गुरुवारचं. फोन अल्फियाच्या हातात असेल. परवा मी तिला बजावलं, "अब्बांनी तुझं नाव घेऊन हाक मारल्याशिवाय कोड द्यायचा नाही." मला वाटलं, अडल्यावर तरी बोलतील. तर ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, "अम्मी, वेडी झालीस का? अब्बांच्या रोजीचा प्रश्न आहे. ते नुसता श्वास घेऊन गप्प राहिले तरी मी कोड वाचणार. ठेवून देतील म्हणून 'अब्बा'सुद्धा म्हणणार नाही, आधी आकडेच सांगेन."

तेव्हा तुमची अडवणूक कोणी करणार नाही. उचलताक्षणी ती सहा आकडे वाचेल, ते टिपून घ्या आणि ॲप लावून घ्या. नाव घ्यायचं की नाही ते तुमच्यावर आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की त्या वेळी ती ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर एकटी बसलेली असेल.

शुद्धीवर आले की मी तिला पहिलं तेच विचारणार आहे. इन्शाअल्लाह.

मुबीना खालून हाका मारते आहे, अबरारभाई बॅगेला कुलूप लावतायत. सोडे उन्हात एकदा दाखवा, मग डब्यात भरा.

गुरुवारी कोड मिळाला की लगेच ठेवू नका.

तुमची,
साबिरा