दोनदा आलेला नऊ ऑगस्ट

२८ जुलै २००२, दुबई

शैलेंद्रने क्रूझ बुक केली! फिजी, सामोआ — नकाशात भिंग घेऊन शोधावं लागलं. मला विचारलंसुद्धा नाही. तारखा बघितल्या आणि डोकंच फिरलं. नऊ ऑगस्टला आम्ही भर समुद्रात. इराला जाऊन त्या दिवशी तीन वर्षं होतील. दरवर्षी तिच्या नावाने मी मुहैस्नाहच्या कॅम्पात कामगारांना शिरा-पुरी वाटते. हा कधी बरोबर येत नाही.

"दुसरी तारीख घे ना," म्हटलं.

"खलास, छाया. कन्फर्म झालंय."

विसरला! सख्खा बाप, विसरला.

३१ जुलै

शिरा-पुरीचं मरियमबीवर सोपवलं. तिचा नवरा हमदुल्ला शैलेंद्रबरोबरच जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये आहे, पूर्वी मालवाहू जहाजावर होता. "भाभी, बिनघोर जा. इराचं मी बघते." इराचं नाव ऐकून बरं वाटलं. आमच्या घरात ते निघत नाही.

७ ऑगस्ट, सुवा, फिजी

बोटीत चढलो. शैलेंद्र चक्क शीळ घालतोय. चीड आली.

९ ऑगस्ट, शुक्रवार, बोटीवर

इराचा फोटो उशाशी ठेवला. नऊ वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं सगळं.

शैलेंद्रने नाश्त्याला वेटरला तारीख विचारली. "नाइन्थ, सर." याचा चेहरा पडला. मग स्पीकरवर सांगितलं — रात्री आपण तारीखरेषा ओलांडतोय, म्हणून उद्याही शुक्रवार, नऊ ऑगस्टच! लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा भरली प्लेट टाकून उठला आणि केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडला. मीही बोलले नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार — पुन्हा! आपिया, सामोआ

एकटीच उतरले. हा उठायलाच तयार नाही.

लाकडी बाकांच्या बसमधून एका गावात गेले. इथे घराच्या अंगणातच कबरी बांधतात, फरशा लावून, स्वच्छ. एका कबरीवर एक बाई आरामात बसून टोपली विणत होती. मी बघत राहिले तर म्हणाली, "माय डॉटर," आणि शेजारी जागा करून दिली. मी बसले. तिने नीरफणसाचा भाजलेला तुकडा हातावर ठेवला.

"यू? डॉटर?"

"इरा," म्हटलं. मग रडूच फुटलं. तिने टोपली बाजूला ठेवली आणि "इरा, इरा" म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. वाटलं, हे शैलेंद्रने करायला हवं होतं.

परत आले तेव्हा तो तसाच पडलेला. जेवलाही नव्हता. मी दिवा घालवून झोपले.

१६ ऑगस्ट, दुबई

मरियमबीचा डबा परत द्यायला गेले. शिरा-पुरी शंभर जणांना पुरली म्हणाली. दारात हमदुल्ला, मान खाली.

"वहिनी, गलती माझी. साहेबांनी मला विचारलेलं, नऊ तारीख येणारच नाही असं कुठलं जहाज असतं का? तो दिवस सहन होत नाही म्हणाले. मी बोललो, ती रेषा ओलांडली की एक दिवस गायब. पण आमचं जहाज अमेरिकेकडून यायचं, वहिनी. तुम्ही तर उलट्या बाजूने गेलात."

दोनदा आला तो दिवस. दोन्ही वेळा मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.