टू-सीटरला लॉरीची बॅटरी

२२ ऑगस्ट १९४८, कुंभार पिंपळगाव

मेली! गयासोद्दीन साहेबांच्या टू-सीटरची बॅटरी आज कायमची मेली. हॉर्न दाबला, आवाज न्हाई. हँडल मारून मारून खांदा निखळायची पाळी आली. पण ठिणगीलाच बॅटरी लागते! बॅटरीची झाकणं उघडली. मधल्या घरात नुसता गाळ, पत्रे वाकडे.

साहेब म्हणाले, "नवी मंगाव." कुठून मागवू? निजामाच्या मुलखाची नाकेबंदी, मुंबईचा माल बंद. इथं रॉकेल मिळंना!

मंग हळूच म्हणाले, "तीन तारीख को जुम्मा है. अम्मी कू परतूर टेशन ले जाना है. हैदराबाद के डाक्टर कू दिखाना." इमामबींचा दमा फार वाढलाय. बैलगाडीचे हिसके त्यांना सोसायचे न्हाईत. म्हणजे बारा दिवस! चार वर्षं ही गाडी सांभाळतोय. तोंडघशी पडायची वेळ आली.

२४ ऑगस्ट

काकासाहेब देशमुखांच्या रेडिओची बॅटरी बघून आलो. मापाला बराबर बसते. पण गाडीचा दिवा जोडला तर दहा मिनिटांत पिवळा पडला. रेडिओला पुरते, गाडीला बिलकुल न्हाई. वर काकासाहेब म्हणतात, "ती नेलीस तर गावाला बातम्या कोण सांगणार, तू?" नको म्हटलं. राहू द्या.

२६ ऑगस्ट

अंतरवाली सराटीला सायकलनं गेल्तो. पुंजारामची लॉरी पेट्रोलावाचून उभीच आहे. तिची बॅटरीही सहा व्होल्टचीच. धूड आहे नुसतं! झाकणांची भोकं मातीनं बुजलेली, वरच्या डांबराच्या थराला एक चीर. पण अर्धा तास दिवा लावून ठेवला, जरासुद्धा मंद झाला न्हाई. हीच घ्यायची.

येताना कॅरिअरवर बॅटरीतलं तेजाब सांडलं. पॅन्टची जळून चाळणी झाली. गाडीच्या पेटीत बॅटरी मावेना. सीटमागं गोणपाट घालून सुतळीनं आवळली.

३० ऑगस्ट

गिरणीच्या डायनामोवर दोन दिवस भरली. किटलीची वाफ ताटलीवर धरून पाणी जमवलं, थेंब थेंब. आडाचं पाणी क्षाराचं, घातलं की पत्रे खलास. सासूबाई, म्हणजे तुळजाबाई, रजनीच्या बाळंतपणासाठी आल्यात. त्यांना हे बघवंना. "बॅटरीला वाफेचं पाणी अन् माझ्या लेकीला आडाचं! पोटुशी कोण हाय, ही का ती?"

हसलो. पण झुंबरबाई सुईण रजनीला बघून गेली तेव्हा हसली नव्हती. "मूल आडवं वाटतंय. अजून पंधरा दिस हायेत, फिरंल." मागच्या वर्षीचं मूल बैलगाडीतच गेलं. जालना गाठता आलं न्हाई. ह्याची तिला कोणी आठवण करून द्यायची गरज न्हाई. मलाही न्हाई.

२ सप्टेंबर

बॅटरीच्या तारा जोडायच्या दोन्ही खुंट्या पॉलिश पेपरनं घासून लख्ख केल्या. गाडी माझ्याच दारात लावून तारा काढून ठेवल्या, म्हणजे रातीतून उतरायची न्हाई. उद्या सकाळी आठला निघायचं.

आज खांदमळणी. गावभर बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळून राह्यलेत. सासूबाई हळहळल्या, "आपल्या दारी बैल न्हाई." म्हटलं, न्हाई तर न्हाई!

३ सप्टेंबर, पोळा. जालना, दवाखान्याचा ओटा

 आत्ताच लिहून ठेवतो.

पहाटेच रजनीच्या पोटात कळा. झुंबरबाई आली, बघितलं, अन् म्हणाली, "बाळाचा हात खाली आलाय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. जालन्याला ने, जल्दी!" पोळ्याला बैल जुंपत न्हाईत. जुंपले तरी जालना दीड दिवस.

साहेबांकडं धावलो. इमामबी बुरखा घालून, बोचकं घेऊन ओसरीत बसलेल्या. रजनीचं सांगून साहेबांचे पायच धरले. साहेब अम्मीकडं बघू लागले. इमामबींनीच दम घेत घेत सांगितलं, "पहले उसकू ले जा, बेटा. मैं कल जाती." गाडीत जागा दोघांचीच.

घरी धावत येऊन तारा जोडल्या. हँडल मारलं. काहीच न्हाई! परत मारलं. न्हाई! दिवा लावला, न्हाई! इतकी भरलेली बॅटरी मरेल कशी? सीटवर रजनी ओरडून राह्यली होती. मला वाटलं, संपलं सगळं. तार ओढून काढली तर बोटं पिवळी, तुपकट.

"सासूबाई!"

त्या रडायलाच लागल्या. "खांदे मळले मी तिचे. माझ्या लेकीला वढून न्यायचं तिनंच ना!" तुपाचा थर खुंट्यांवर, त्यावर तार. वीज जाणार कशी! तोंडातून वाईट शब्द गेला. सासूबाईंना असं बोलायला नको होतं. चिंधीनं पुसलं, राखेनं घासलं, तार आवळली. एका हँडलला इंजिन धडाडलं! तशीच हाणली गाडी, सुतळी तुटेस्तोवर. शेवटी बॅटरी रजनीनंच एका हातानं धरून ठेवली.

दुपारी पोट फाडलं. मुलगी. दोघी जिवंत. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर...

४ सप्टेंबर

आज इमामबींना न्यायला निघायला पाहिजे होतं. गाडी ठीक, पेट्रोल बेताचं, पिंपळगाव करून परतूरपर्यंत पुरलं तर पुरेल. रजनी शुद्धीवर आली, हात सोडंना. मुलगी सारखी जांभया देते! बघतच बसलो. उद्या पहाटे निघतो. एका दिवसानं काय होतंय.

५ सप्टेंबर, कुंभार पिंपळगाव

साहेबांच्या दाराला कुलूप. काकासाहेब भेटले. म्हणाले, "काल दिवसभर म्हातारी दारात बसली होती तुझी वाट बघत. आज सकाळी श्वास लागला, मंग माझी बैलगाडी दिली."  परतूरच्या रस्त्याला गाडी घातली. अर्ध्यात पेट्रोल संपलं. ढकलत आणली परत.

६ सप्टेंबर

काकासाहेबांचा गडी परतूरहून आला. इमामबी टेशनाच्या अलीकडं, बैलगाडीतच गेल्या. साहेबांनी त्याच्याजवळ मला एवढंच विचारलंय, "बच्चा कैसा है?"