यादीत पहिलं नाव

शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

पाऊण तास टेनिसचे बॉल भिंतीवर मारले. स्पर्धा आपल्या नाशकात आणि सरावाला जोडीदार मिळेना! बाहेरच्या सगळ्या पोरी हॉटेलात उतरल्यात. कोण कोणाबरोबर खेळणार ते नाश्त्याच्या टेबलावरच ठरतं. मी सातपूरहून पप्पांच्या गाडीवर पोचेपर्यंत क्लबच्या वहीत सगळी कोर्टं भरलेली.

हर्षाली दिसली. एका बंगळुरूच्या पोरीबरोबर हसत होती. लांबूनच हात केला. सहा वर्षं आम्ही स्पर्धांना एका खोलीत राहिलो. इंदूर, गुरुग्राम, सोलापूर. एक किटली, एक चार्जर. ती सटाण्याची, मी सातपूरची. बाकीच्या आम्हाला 'नाशिकवाल्या' म्हणायच्या, वेगळी नावं कोणी घेत नव्हतं. आता तिच्याकडे रँकिंगचे पॉइंट आहेत, ती थेट मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत. मी पात्रता फेरीत. दुहेरीलाही यंदा तिने बंगळुरूवालीला घेतलं. मला मेसेजवर कळवलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

घरात जे ठरलंय ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला फिरवता येणार नाही. या आठवड्यात पहिला पॉइंट आला तर अजून एक वर्ष खेळायचं. नाही आला तर १६ तारखेपासून शाळेत क्रीडाशिक्षिका. शाळेला येत्या गुरुवारपर्यंत कळवायचंय. मेन ड्रॉमध्ये एक मॅच जिंकली की एक पॉइंट. एकच! तेवीस वर्षांची झाले, तो अजून नाही.

पप्पा म्हणाले, "म्हणजे परमनंट झाल्यासारखं का?" ते कंपनीत सात वर्षं टेम्पररी होते. म्हटलं, तसंच समजा.

जिन्यात खालच्या वत्सलाबाई भेटल्या. "आंतरराष्ट्रीय ना गं? मग कुठल्या चॅनलला लावू?" म्हटलं, कुठल्याच नाही. "मग कसली आंतरराष्ट्रीय!"

रविवार, ८ फेब्रुवारी

जिंकले. ६-२, ६-३. पप्पा पाळीवरून येऊन झोपलेले, आई अंगणवाडीच्या मीटिंगला. टाळ्या माळ्याने वाजवल्या. त्याही पाइप खाली ठेवून.

सोमवार, ९ फेब्रुवारी

हरले. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत. ६-४, ३-६, ८-१०. तिसऱ्या सेटऐवजीच्या टायब्रेकमध्ये ८-६ पुढे होते. दोन डबल फॉल्ट. दोन!

पण अगदीच संपलेलं नाही. मेन ड्रॉमधली कोणी दुखापतीने बाहेर पडली तर आज हरलेल्यांतून एकीला आत घेतात. लकी लूझर म्हणतात. त्या यादीत माझं नाव पहिलं आहे. पहिली फेरी मंगळवार आणि बुधवार, म्हणजे दोन दिवस. मात्र रोज साडेनऊच्या आत टेबलावर जाऊन स्वतः सही करायची. सही नाही तर त्या दिवशी तुम्ही नाहीच.

हर्षालीचा फोन नाही. स्कोअर तिला कळला असणारच.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आठ वाजून दहा मिनिटांनी सही. मग दिवसभर बूट बांधून खुर्चीवर. लोकांचे गुडघे बघत होते. एक पोरगी खोकली तर माझी मान वळली! लाज वाटली, पण वळलीच. डबा एकटीने खाल्ला. शेजारची खुर्ची कोणीतरी विचारून घेऊन गेलं.

पाचला सुपरवायझर रंगनाथ सर म्हणाले, "जा घरी. आज सगळ्या ठणठणीत आहेत."

संध्याकाळी हर्षालीचा मेसेज. 'उद्या साडेआठला सरावाला हिट करशील? कॉलेज रोडला कोर्ट घेतलंय, क्लबवर जागा नाही. माझी मॅच साडेअकराला.' हरल्याबद्दल एक शब्द नाही. काम पडलं की आठवण! 'हो' लिहिलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कुठून सुरू करू.

आधी क्लबवर जाऊन सही करता आली असती, टेबल आठला उघडतं. वाटलं, परत येऊन करू. थेट कॉलेज रोडला गेले.

"कशी शे वं?" तिने विचारलं. म्हटलं, बरी. मग तिने मला जे पळवलं! ती जागेवर उभी, मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मॅच तिची आणि घाम माझा. "अजून दहा सर्व्हिस मार." कशाला गं? "मला रिटर्न करायचेत. मार ना, म्हातारी झालीस का?" मध्येच म्हणाली, "शाळेला उद्यापर्यंतच कळवायचंय ना?" मी हूं म्हटलं.

खरं सांगायचं तर मजा आली. आठवड्यात पहिल्यांदा जाळीपलीकडे आपलं कोणीतरी होतं. सर्व्हिस लागत होती, बॉल मोठा दिसत होता. घड्याळाकडे बघितलंच नाही. बघितलं तेव्हा नऊ पस्तीस.

ती कपडे बदलायला हॉटेलवर गेली, मी रिक्षाने क्लबवर. नऊ अठ्ठेचाळीस. रंगनाथ सरांनी यादी उलटी करून ठेवली होती. "मनाली, काल तर आठलाच आली होतीस." सर, प्लीज. "साडेनऊला बंद झाली गं. माझ्या हातात असतं तर..."

वाटलं, जाऊ दे, कालसारखंच होईल. कोणी बाहेर पडणार नाही.

अकरा दहाला हर्षाली लंगडत टेबलापाशी आली. पोटरी धरलीय म्हणाली. माघारीची सही करून स्पर्धेतून बाहेर पडली आणि बर्फ घेऊन तशीच हॉटेलवर. सकाळी जागेवरून हलत नव्हती, तेव्हाच दुखत असणार. मला सांगितलंही नाही!

यादीतली दुसरी, भोपाळची सतरा वर्षांची पोरगी. तिने हातातलं सँडविच तसंच टाकलं आणि धावली. मी बाकावर बसून पूर्ण मॅच बघितली. ती जिंकली.

घरी येऊन शाळेला फोन केला. येते म्हणून सांगितलं. पप्पा म्हणाले, "शाळा चांगली आहे."  

गुरुवार, १२ फेब्रुवारी

हर्षाली घरी आली. तीन जिने, एका वेळी दोन-दोन पायऱ्या. मी दारातून बघत होते.

"सही का नाही केलीस?" धापा टाकत म्हणाली. "साडेअकराच्या मॅचला तुझं अंग गरम असावं म्हणून तर बोलावलं होतं."