सहा वेळचं जेवण

एर्लांगेन, जर्मनी,
१६ नोव्हेंबर

प्रिय आई,

सप्रेम जयभीम. दर रविवारी फोन ठेवला की मी ठरवतो, पुढच्या वेळी सांगायचंच. आणि पुढच्या रविवारी तुझा आवाज ऐकला की पुन्हा पावसापाण्याचंच बोलतो. म्हणून आज लिहायला बसलो. हे शेजारच्या भास्करदादाकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लावून तूच वाच, सावकाश.

एप्रिलपासून मी तुझ्याशी खोटं बोलतोय. हर्षा मैत्रिणीकडे गेलीय, हर्षाची परीक्षा आहे, हर्षा झोपलीय असं मी सांगायचो, तेव्हा ती दवाखान्यात होती. आता घरी आहे. जिवाचा धोका टळलाय, हे आधी वाच आणि मग पाणी पिऊन पुढचं वाच.

तिला जो आजार आहे त्याला इथे आनोरेक्सिया म्हणतात. माणूस आधी स्वतःच्या मनाने खाणं कमी करतो आणि मग एक दिवस असा येतो की खायचं म्हटलं तरी खाता येत नाही. भूक मेलेली नसते गं, पण घासाची भीती भुकेपेक्षा मोठी होते. तू तीस वर्षं अंगणवाडीत पोरं तोलून वहीत उतरवलीस. त्यांच्या घरात अन्न नव्हतं. माझ्या घरात फ्रिज भरलेला होता आणि माझी पंधरा वर्षांची पोर त्याच्यासमोर उभी राहून थरथरायची. मला हे कळायलाच किती महिने लागले!

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये उदगीरहून परत आलो, तेव्हापासून ती पळायला जायला लागली. गोड सोडलं, मग भात, मग पोळी. शाळेतच जेवले म्हणायची. मला अभिमान वाटायचा, आई. पोरीला शिस्त आहे, म्हणून मी चार लोकांत सांगायचो. पावलं मोजणारं घड्याळ वाढदिवसाला मीच आणून दिलं. करुणा म्हणायची, अहो, ही दिवसभर स्वेटर घालून असते, हिचे हात बर्फासारखे लागतात, हिची पाळी बंद झालीय. मी म्हणायचो, इथली थंडी आहे, वयही आहे. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायचे, ते मी स्वतः काढून टाकायचो.

एप्रिलमध्ये ती खेळाच्या तासाला चक्कर येऊन पडली. शाळेच्या बाईंनी फोन केला. दवाखान्यात तिच्या हृदयाचा आलेख काढला. मी बारा वर्षं असल्याच यंत्रांवर काम करतोय, त्यामुळे डॉक्टरीणबाई बोलायच्या आधीच मी पडद्यावर वाचलं. मिनिटाला छत्तीस ठोके. पोटाला मिळेना म्हणून शरीर हृदयाचे स्नायू खात होतं. हाडं पन्नाशीतल्या बाईसारखी विरळ झाली होती. आणि हर्षा जर्मनमध्ये एकच सांगत होती, मला काही झालेलं नाही, मला घरी सोडा.

पहिले काही दिवस नाकातून नळी घालून तिला अन्न दिलं, अगदी थोडं थोडं. एकदम दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदय बंद पडू शकतं, म्हणून रोज रक्त तपासायचे. ते ऐकताना तू आठवलीस. फार वाळलेल्या पोराला पहिल्याच दिवशी पोटभर देऊ नका, म्हणून आयांना ओरडायचीस. तेव्हा मला ते निष्ठुर वाटायचं.

मग चार महिने दुसऱ्या वॉर्डात. दिवसातून सहा वेळा जेवण, प्रत्येक वेळी समोर नर्स. आकडा दिसू नये म्हणून वजन पाठमोरं उभं करून. मानसोपचाराच्या बाई आठवड्यातून तीनदा तिच्याशी बोलायच्या, एकदा आमच्याशी. एका दुपारी मी भेटायला गेलो तर समोर लोणी लावलेला अर्धा पाव होता आणि पाऊण तास तो तसाच पडून होता. लहानपणापासून मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असंच आमचं चालायचं. त्या दिवशी ती मराठीत म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते." मी म्हटलं, "मलाही वाटते." मग तिने एक तुकडा तोडला. पाव संपायला अजून अर्धा तास लागला.

तू विचारशील म्हणून आधीच सांगतो. उदगीरला तू तिला, छान भरलीस गं, म्हणाली होतीस. ते तिने मानसोपचाराच्या बाईंना सांगितलं, पण त्यानेच आजार झाला असं नाही. असं एकच कारण नसतं म्हणे. माझ्या घड्याळाबद्दलही त्यांनी मला हेच सांगितलं. तुझ्याबाबतीत मला ते पटतं.

सप्टेंबरात ती घरी आली. सकाळी दिवसाच्या दवाखान्यात जाते, संध्याकाळी परत येते. आता नर्सच्या जागी आम्ही. ताटात काय वाढायचं ते आम्ही ठरवायचं, ती रडली तरी कमी करायचं नाही, आणि आवाज चढवायचा नाही. परवा तिने वरणाची वाटी भिंतीवर फेकली. करुणाने भिंत पुसली आणि नवी वाटी वाढली. काल तिने न सांगता दुसरी पोळी घेतली. डॉक्टर म्हणतात, पुरतं बरं व्हायला वर्षं लागतील, आणि बऱ्याच मुली बऱ्या होतात. मी त्यातलं दुसरंच वाक्य ऐकायचं ठरवलंय.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. हर्षाला बघायला डॉक्टर आहेत, करुणाला तिची बहीण रोज फोन करते. मी मात्र हर्षासमोर ताट घेऊन बसतो, शांत चेहऱ्याने घास चावतो, आणि तो माझ्याच घशाखाली उतरत नाही. सात महिन्यांत माझी पँट दोनदा आवळून घ्यावी लागली. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. मी फार थकलोय, आई. व्हिसासाठीचं बोलावण्याचं पत्र सोबत जोडलंय. हर्षाला जेव म्हणू नकोस, वाळली म्हणू नकोस, भरली म्हणू नकोस. तिचं आम्ही बघतो. तू माझ्यासाठी ये, आणि थोडे दिवस मला वाढ.

तुझाच,
सुगत